हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात एवढी जमीन मोकळी पडलेली असताना लोक एवढीशीच का कसतात?

तुम्ही म्हणता तसं फोटोत मैलोनमैल उजाड डोंगर दिसतात आणि गावाला चिकटून हातरुमालाएवढी हिरवी शेतं. मी तिथल्या किब्बर गावी (उंची सुमारे ४,२०० मीटर) एका घरात आठवडाभर राहिलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हेच विचारलं. घरमालकीण हसली आणि म्हणाली, ‘पानी कहाँ है?’

पावसाचे ढग अलीकडच्या डोंगरांवरच अडतात, त्यामुळे पावसावर काही पिकत नाही. स्पिती नदी आहे, पण ती पार खाली. वरच्या गावांना तिचा उपयोग शून्य. पाणी येतं ते वितळत्या बर्फाचं, डोंगराच्या कडेकडेने खोदून आणलेल्या पाटातून. त्याला तिथे कूल म्हणतात. रात्रभर ते गावाजवळच्या तळ्यात साठवायचं आणि सकाळी ज्याची पाळी त्याने सोडायचं. मी एकदा घरमालकिणीबरोबर गेलो. तळ्याच्या तोंडाशी दगड, चिंध्या आणि चिखलाचा बोळा होता. तो काढल्यावर पाणी खळखळत निघालं आणि बाई कुदळीने वाफ्यावाफ्यात ते वळवत पळत होत्या. मी धुळ्याजवळच्या साक्रीकडचा, पांझरा नदीवरची फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी गावाने पाळीपाळीने वाटून घ्यायची रीत) आणि ते पाणी सोडणारे पाटकरी लहानपणापासून पाहिलेले, त्यामुळे मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

पाणी मोजकं, म्हणून जमिनीचे तुकडेही पाडत नसत. शेत आणि पाण्याचा वाटा थोरल्याकडे जायचा, धाकटे बरेचदा गोम्पात (बौद्ध मठात) लामा व्हायचे. आता ते सैल होत चाललंय.

पूर्वी जव आणि काळा वाटाणा असायचा. गेल्या काही दशकांत हिरवा वाटाणा आला. मैदानात तो नसतो तेव्हा इथे तयार होतो, त्यामुळे भाव मिळतो. गावात दिसणारी नवी घरं बरीचशी त्याच्या जिवावर.

आणि ‘मोकळी’ जमीन मोकळी नाही बरं का. तिथे याक आणि शेळ्या-मेंढ्या चरतात, हिवाळ्याच्या चुलीसाठी शेण आणि झुडपं तिथूनच येतात. भरल (रानमेंढ्या) आणि हिमबिबटेही तिथेच.

निघताना गावाच्या टोकाला एक वावर कोरडं पडलेलं दिसलं. विचारलं, तर घरमालकीण म्हणाली, यंदा बर्फ कमी पडला, कुलीचं पाणी तिथवर पोचलंच नाही.