नागपूरच्या उन्हाळ्यासाठी बाइकमध्ये जाड ऑइल टाकावं का?

नाही भाऊ. पारा ४५ च्या वर गेला म्हणून १०डब्ल्यू-३० ग्रेडच्या (म्हणजे जाडीच्या) ऑइलच्या जागी त्याहून जाड २०डब्ल्यू-५० टाकायची गरज नाही. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड छापलाय, तोच टाका. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, बुलेट ३५० ला १५डब्ल्यू-५०. प्रत्येक कंपनी आपल्या इंजिनातल्या भागांमधलं बारीक अंतर आणि ऑइल पंप पाहून ग्रेड ठरवते.

मागचा आकडा म्हणजे १०० अंशांना ऑइल किती जाड राहतं ते. गाडी तापली की इंजिनातलं ऑइल तसंही त्याच्याच आसपास असतं, मग बाहेर मे महिना असो की डिसेंबर. जास्त जाड ऑइल टाकलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि मायलेज पडतं ते वेगळंच.

ग्रेडपेक्षा डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) आहे का, ते आधी बघा. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असू शकतात, त्यानं क्लच घसरतो. 'एमबी' लिहिलेलं ऑइल स्कूटरचं, तेही नको. मेकॅनिक सुटं ऑइल ओतत असेल तर सरळ नाही म्हणा, सीलबंद डबा समोर फोडायला लावा.

सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेनं बनवलेलं ऑइल? पुस्तकात मागितलं असेल तर हवंच. साध्या १०० सीसीला मिनरल (कच्च्या तेलापासूनचं साधं ऑइल) वेळेवर बदललं तरी भागतं. उन्हात सीताबर्डीच्या गर्दीत रोज रखडत असाल तर थोडं लवकर बदला, आणि पातळी मात्र गाडी मेन स्टँडवर लावूनच तपासा.