बंदूक आखूड, मग हात का ताणतोय? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बुलपप एअरगनवर छोटं टिपण दिलं होतं, म्हणजे ज्या बंदुकीत ट्रिगर पुढं आणि बाकी सगळी मशिनरी ट्रिगरच्या मागं दस्त्यात बसवलेली असते ती. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, त्यातली निवडक घेतोय.

माझी उंची ५ फूट ४ इंच, पूर्वी तालमीत होतो त्यामुळं छाती-खांदे भरलेले आहेत. मित्राची बुलपप पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) हातात घेतली, दिसायला एवढीशी, पण खांद्याला लावली की ट्रिगरपर्यंत बोट ताणावं लागतं आणि मान पुढं काढावी लागते. माझी जुनी मोडून भरायची स्प्रिंगवाली बंदूक चांगली साडेतीन फुटाची आहे तरी बरोब्बर बसते. हे उलटं कसं काय? (एक वाचक, कागल)

भावा, उलटं काही नाही, दोन वेगवेगळ्या लांब्या आहेत आणि आपण एकच मोजतो. बंदुकीची एकूण लांबी वेगळी आणि ट्रिगरपासून बटच्या, म्हणजे खांद्याला टेकतो त्या भागाच्या, मागच्या टोकापर्यंतचं अंतर वेगळं. या दुसऱ्याला लेंथ ऑफ पुल म्हणतात आणि अंगाला बसणं-न बसणं बरंचसं त्याच्यावर असतं. बुलपपमध्ये पहिली लांबी फूटभर कमी होते, दुसरी होत नाही, उलट कधी कधी वाढते.

कारण साधं आहे. नेहमीच्या रायफलीत ट्रिगरच्या मागं नुसतं लाकूड असतं, ते पाहिजे तेवढं कापा. बुलपपमध्ये तिथं व्हॉल्व्हवर आदळणारा हॅमर, त्याची स्प्रिंग, हवेचा व्हॉल्व्ह, छर्रा आत ढकलणारा प्रोब आणि मॅगझिन असा सगळा संसार असतो, आणि प्रोबला मागं सरकायला जागा लागते ती वेगळीच. या सगळ्याला जेवढी जागा लागेल तेवढा तुमचा दस्ता, डिझायनरनं मनात आणलं तरी त्याच्या आत जाता येत नाही. मोठ्या माणसासाठी रायफलीत हे अंतर साधारण १३.५ ते १४.५ इंच धरतात, बऱ्याच बुलपपमध्ये ते १४ च्या पुढंच सुरू होतं. सहा फुटी माणसाला मजा, तुम्हाला ताप.

त्यात तुमचं तालमीचं अंग. जाड छाती आणि भरलेला खांदा म्हणजे बट तिथंच अर्धा-पाऊण इंच पुढं येऊन टेकणार, म्हणून तुमच्या उंचीच्या सडपातळ पोराला जेवढं अंतर चालेल त्यापेक्षाही तुम्हाला कमी पाहिजे. (पावसाळ्यात रेनकोट घालून बंदूक लावून बघा, जाड कापडानंसुद्धा फरक कळतो.) कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खोबणीत धरायचं आणि बोट ट्रिगरला पोचतंय का बघायचं, ही दुकानातली पद्धत अंदाजापुरती ठीक आहे, पण ती छाती मोजत नाही. त्यापेक्षा असं करा, दुकानदाराला विचारून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्या, डोळे मिटा, बंदूक आपल्याला सोयीची वाटेल तशी खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर बसली. कडेनं काळी सावली दिसली, म्हणजे डोळा पुढं-मागं आहे, आणि ते बघायला तुम्ही मान पुढं ढकलली तर समजायचं की घरी नेल्यावर रोज तीच ढकलायची आहे. दहा छर्‍यांत जाणवत नाही, शंभराव्याला मान आखडते. लेंथ ऑफ पुल सोडून स्कोपची जागाही गडबड करते, बुलपपवर रेल (स्कोप बसवायची पट्टी) आखूड असते त्यामुळं स्कोप मागं-पुढं सरकवायला वाव कमी.

तुम्हाला बुलपपच घ्यायची असेल तर मागं सरकणारं बटपॅड ज्याला आहे ती घेऊ नका, ज्याचं मूळ अंतरच कमी आहे ती घ्या. सरकणारं पॅड अंतर वाढवतं फक्त, कमी करत नाही, आणि जाहिरातीत मात्र 'अ‍ॅडजस्टेबल' एवढंच लिहितात.

मग जास्तीचं कापून टाकलं तर? माझं शिरोलीत व्हीएमसीचं (धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनचं) काम आहे, बटप्लेट पातळ करून घेणं माझ्यासाठी अर्ध्या तासाचं काम. (एक वाचक, शिरोली एमआयडीसी)

मशीन हाताशी असलं की हात शिवशिवतातच हो. रबरी पॅड काढून त्या जागी पातळ अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बसवली तर सेंटीमीटरभर मिळतं, त्यात वाईट काही नाही, एअरगनला धक्का कमी असतो म्हणून रबराची तशी गरजही नसते. पण पॅडच्या मागं लगेच हॅमरच्या स्प्रिंगची टोपी असते, तिथं आणि हवेच्या नळीला, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. २०० बारच्या वर दाब असतो आणि बुलपपमध्ये तो तुमच्या गालाच्या शेजारी असतो. स्प्रिंग ताणून पॉवर वाढवायचा मोहही आवरा. आपल्याकडं ४.५ मिमी नळीच्या आणि २० जूल ताकदीच्या आतल्या एअरगनला लायसन लागत नाही, त्याच्या वर गेलात की लागतं, आणि .२२ म्हणजे ५.५ मिमी तर कमी पॉवरची असली तरी लागतं.

ट्रिगर ओढला की आधी चिखलात पाय घातल्यासारखं वाटतं, मग कधीतरी छर्रा सुटतो. नवी बंदूक आहे, खराब दिलीय का? (एक वाचक, इचलकरंजी)

खराब नाही, बुलपपचा जन्मजात दोष आहे. ट्रिगर पुढं आणि हॅमर सोडणारा सिअर मागं, मध्ये लांब सळई. ती सळई थोडी वाकते, थोडी घासते, प्रत्येक सांध्यात थोडी ढील असते, आणि या सगळ्याची बेरीज तुमच्या बोटाला चिखल म्हणून लागते. चांगल्या कंपन्या सळई जाड करतात, ढकलायच्या ऐवजी ओढायची ठेवतात, म्हणजे वाकायचा प्रश्नच राहत नाही. डेस्टेट कंपनीनं पल्सर या बुलपपमध्ये सळईच काढून टाकली, ट्रिगर नुसता विजेचा स्विच, बाकी काम सर्किट करतं. किंमत त्या हिशेबानं. तुमच्या बंदुकीत ट्रिगरच्या पहिल्या टप्प्याचा स्क्रू असेल तर तो माहितगाराकडून नीट लावून घ्या, निम्मा चिखल जातो, उरलेल्याची सवय होते.

मुलगी ८ वीत आहे, नेमबाजी शिकायची म्हणते. बुलपप आकारानं छोटी असते, म्हणून तीच घेऊ का? आपल्या कोल्हापूरच्या मुलींनी नाव काढलंय, म्हणून विचारतो. (एक वडील, राजारामपुरी)

काका, छोटी म्हणजे हलकी आणि हलकी म्हणजे पोरांसाठी चांगली, हा हिशेब इथं चुकतो. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, पीप साइटनं (बारीक भोकातून बघून) मारायचं असतं आणि बुलपप तर बहुतेक स्कोप धरूनच बनवलेली असते. उभ्यानं मारताना पोरं डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात आणि हात ट्रिगरच्या जरा पुढं येतो, तिथं बुलपपमध्ये हवेची बाटली आडवी येते. शिवाय वजन सगळं खांद्यात आणि नळीचं तोंड हलकं, त्यामुळं तोंड डुलतं. स्पर्धेतले नेमबाज नळीच्या पुढं मुद्दाम वजनं लावतात, ५.५ किलोच्या मर्यादेत, ते उगाच नाही.

तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पालथं झोपून मारायच्या प्रकाराचं) जागतिक सुवर्ण घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं मारायच्या प्रकाराचं) ऑलिंपिक ब्राँझ. तिथं चालते ती .२२ ची काडतुसाची रायफल, एअरगन नव्हे, पण दोन्ही प्रकारांत स्पर्धेच्या रायफलीवर बट वर-खाली, मागं-पुढं, तिरकं, गालाची पट्टी वेगळी, असं सगळं हलतं. वाढत्या पोरीला नेमकं तेच पाहिजे. आधी रेंजवरची बंदूक सहा महिने वापरू द्या, विकत घ्यायची घाई करू नका, तिचे हात अजून दोन इंच वाढायचेत.

स्कोप एवढा उंच का लावतात? १० मीटरवर बाटलीचं टोपण चुकतं, ३० वर मात्र लागतं, पोरं हसतात. (एक वाचक, गडहिंग्लज)

बुलपपमध्ये गाल मशिनरीवरच टेकतो, त्यामुळं डोळा खाली जाऊच शकत नाही आणि स्कोप वर न्यावा लागतो. नळी आणि स्कोपमध्ये ६ सेंटीमीटर अंतर असेल आणि ३० मीटरवर झीरो केला असेल, म्हणजे तिथं नेम धरला तिथंच छर्रा लागेल असा स्कोप लावला असेल, तर छर्रा १० मीटरवर साधारण २ सेंटीमीटर खाली लागतो. तेच अंतर ४ सेंटीमीटर असतं तर पाऊण सेंटीमीटरच्या आतबाहेर. म्हणजे टोपणाच्या मध्यावर धरलं की छर्रा त्याच्या खालून जातो, नेम तुमचा चांगलाच आहे. जवळ मारताना वर धरा, किती ते कागदावर मारून ठरवा. ५, १०, १५, २० मीटरची चिठ्ठी लिहून दस्त्याला चिकटवा, पोरं गप्प बसतील.

उसात माकडं आणि डुकरं फार झालीत, एखादा छर्रा मारून पळवली तर चालेल का? (एक शेतकरी, पन्हाळा)

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, छर्रा लहान म्हणून गुन्हा लहान होत नाही. आणि २० जूलच्या आतली एअरगन डुकराला मारत नाही, नुसती जखमी करते, मग ते वळून कुणाकडं येईल सांगता येत नाही. नुकसान झालं असेल तर वनखात्याकडं पंचनाम्याचा अर्ज करा.

मी डावखुरा आहे. लष्करी बुलपप डावखुऱ्यांना नको म्हणतात, एअरगनचं काय? (एक वाचक, जयसिंगपूर)

लष्करी बुलपपमधून काडतुसाची रिकामी गरम पुंगळी बाहेर उडते आणि डावखुऱ्याच्या गालाशेजारनं जाते, म्हणून ती तक्रार. एअरगनमधून काही उडत नाही, त्यामुळं तेवढं टेन्शन नाही. पण भरायचा साइड लिव्हर बहुतेक उजव्या बाजूला आणि जुन्या मॉडेलमध्ये पार मागं, गालापाशी असतो, डाव्या खांद्याला लावून उजव्या हातानं तो ओढायला गेलात की दर छर्‍याला बंदूक खाली घ्यावी लागते. लिव्हर पुढं ट्रिगरच्या जवळ आणलेली, आणि दुसऱ्या बाजूला बसवता येईल अशी मॉडेल्स मिळतात, दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारा. गालाची पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी आहे का तेही हात फिरवून बघा, काहींना एकाच बाजूला फुगवटा असतो.