प्रोग्रेसिव्ह काचा आणि हलणारा जिना

प्रश्न : माझे वय 52 असून मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. इतकी वर्षे बायफोकल चष्मा वापरला; महिन्यापूर्वी दुकानदाराच्या आग्रहावरून प्रोग्रेसिव्ह काचा बसवून घेतल्या. जिना उतरताना पायऱ्या हलल्यासारख्या वाटतात आणि संगणकासमोर हनुवटी वर करून बसावे लागत असल्याने मान दुखते. "सवय होईल," एवढेच उत्तर मिळते. पुन्हा बायफोकल घ्यावा की याहून महागडी काच?
– एक वाचक, सांगली

उत्तर : यांपैकी काहीही करण्याआधी हाच चष्मा आपल्या डोळ्यांसमोर नेमका बसला आहे का, हे तपासून घ्यावे. सवय लागायला साधारण दोन आठवडे पुरतात. महिन्यानंतरही त्रास होत असेल, तर दोष सवयीवर ढकलता येत नाही.

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होते आणि जवळचे पाहण्यासाठी वाढीव नंबर लागतो. बायफोकलमध्ये तो रेषेखालच्या तुकड्यात असतो, तर प्रोग्रेसिव्हमध्ये काचेच्या मध्यातून वरून खाली हळूहळू वाढत जातो. फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांनी घडवलेली अशी काच 1959 साली 'व्हॅरिलक्स' या नावाने बाजारात आली. मात्र नंबर मध्यभागी ज्या वेगाने खाली वाढतो, त्याच्या सुमारे दुप्पट वेगाने दोन्ही बाजूंना विकृती, म्हणजे धूसर आणि वेडेवाकडे दिसणे, वाढते. हा भूमितीचाच नियम असल्याने महागडी काच ही विकृती अधिक कौशल्याने पसरवते, पण नाहीशी करू शकत नाही. कडेलाही सगळे स्वच्छ दिसेल असे कोणी सांगू लागले, तर मी तरी त्या दुकानातून बाहेर पडेन. फ्रेम बुटकी असेल, तर तोच नंबर कमी उंचीत चढवावा लागतो आणि स्वच्छ दिसणारी मधली पट्टी आणखी अरुंद होते. म्हणूनच फ्रेम निवडताना बाहुलीपासून खालच्या काठापर्यंत 18 मिलिमीटरच्या आसपास जागा मिळते का, हे आधी पाहावे.

आता तपासणीविषयी. चष्मा उजेडात तिरका धरून काचेवर तोंडाची वाफ सोडली, की प्रत्येक काचेवर एकमेकांपासून 34 मिलिमीटर अंतरावर कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतात; कानाकडच्या खुणेखाली बहुधा वाढीव नंबर असतो, उदाहरणार्थ 2.00 साठी '20'. या खुणांवरून, कंपनीच्या तक्त्याच्या आधारे, दुकानदाराने काचेवर पेनाने फुली काढावी. आपण चष्मा घालून समोर पाहिले, की ती फुली बाहुलीच्या मध्यावर यायला हवी. बाहुलीचे नाकाच्या मध्यापासूनचे अंतरही दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळे मोजलेले हवे, कारण चेहरा क्वचितच तंतोतंत सममित असतो.

वर्तमानपत्र वाचतानाही हनुवटी उचलावी लागत असेल, तर फुली खाली पडली आहे किंवा चष्मा नाकावरून घसरतो आहे. नाकाजवळच्या पॅड आवळून घेतल्यानेही कित्येकदा काम भागते. त्रास केवळ संगणकापुरता असेल, तर मोजमाप बरोबर असूनही तो होऊ शकतो, कारण डोळ्यांच्या उंचीवरचा पडदा आपण लांबच्या नंबरातून पाहता. पडदा डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा खाली घ्यावा. दिवसभर आकड्यांतच डोके घालायचे असल्यामुळे, हातभर अंतरापासून वाचनापर्यंत रुंद क्षेत्र देणारा ऑफिससाठीचा वेगळा चष्मा मला आपल्यासाठी अधिक योग्य वाटतो. तो घालून रस्त्यावर मात्र जाऊ नये.

जिन्यावर केवळ नजर खाली गेली, तर पायरी वाचनाच्या नंबरातून दिसते आणि धूसर होते. तिथे मानच खाली झुकवावी आणि कठडा धरावा. फुली जागेवर असूनही पायऱ्या हलत राहिल्या, तर नंबर पुन्हा तपासून घ्यावा. तोही बरोबर निघाला, तर बायफोकलकडे परतण्यात काहीच कमीपणा नाही. बिलावर काच बदलून देण्याची मुदत लिहिली असेल, तर हे सारे ती संपण्याआधी उरकावे.