विचारा तर खरं : छुट्टीच्या कागदावरचे कोड

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात ताप आला, ओटीपोटात असह्य दुखू लागलं, म्हणून भरती व्हावं लागलं. सोनोग्राफी झाली, शिरेतून अँटिबायोटिक दिलं, बरी झाले. गर्भाशयाची उजवी नळी सुजली होती, असं डॉक्टर तोंडी म्हणाले. छुट्टीच्या कागदावर मात्र 'पीआयडी, एन ७३.९' एवढंच आहे. आता विमा कंपनी विचारते आहे, हा आजार जुना का? त्यात जाऊबाईंनी मोबाइलवर काहीबाही वाचलं आणि घरात कुजबुज सुरू झाली. कोड चुकलाय का? बदलून मिळेल?
– सौ. स., सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी जाऊबाईंचं बघू. कंपनीचं पत्र फाइलमध्ये राहतं, जाऊबाई घरात राहतात.

पीआयडी, म्हणजे पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज, हा ओटीपोटातल्या स्त्री-अवयवांचा दाह; एन ७३.९ म्हणजे तोच, जास्त तपशील दिलेला नाही. त्यात कुठल्याही जंतूचं नाव नाही. शरीरसंबंधातून लागणारे जंतू असते, म्हणजे गनोरिया सापडला असता तर ए ५४.२ लागला असता, क्लॅमिडिया असता तर ए ५६.१. तुमच्या कागदावर दोन्ही नाहीत. योनीत एरवीही असणारे जंतू वर चढले तरी हा दाह होतो, आणि तांबी बसवल्यावर पहिल्या तीनेक आठवड्यांत त्याचा धोका थोडा जास्त असतो. तेव्हा या कोडावरून कुणाची चालचलणूक काढायला जाऊ नये. डॉक्टरांनी यजमानांनाही गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्यांनी त्या मुकाट्यानं घ्याव्यात, एवढंच.

आता कोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या (आयसीडी) दहाव्या आवृत्तीत बायकांच्या या दाहांना एन ७० ते एन ७७ अशी जागा दिली आहे. ७० नळ्या आणि बीजकोश, ७१ गर्भाशय, ७२ गर्भाशयाचं मुख, ७५ बार्थोलिन ग्रंथी, ७६ योनी आणि बाहेरचा भाग. ७३ मध्ये ओटीपोटातलं बाकीचं. नळ्यांच्या बाबतीत टिंबानंतर शून्य आला तर दुखणं तीव्र, म्हणजे अचानक उठलेलं. एक आला तर जुनाट. नऊ म्हणजे लिहिणाऱ्यानं तपशील सांगितलाच नाही. पिनकोडातल्या ४५२ वरून इंदूर कळतं, मोहल्ला पुढच्या आकड्यांत असतो. तुमच्या कोडाचा पोस्टमन इंदूर स्टेशनावरच उतरून थांबलाय.

याला कोड देणारी मुलगी जबाबदार नाही. ती अंतिम निदानाची ओळ वाचते आणि त्या ओळीला आकडा देते. सोनोग्राफी बघून स्वतः निदान ठरवायचा अधिकार तिला नाही, आणि नसावाच. माझं नोकरीचं सगळं आयुष्य रेकॉर्डरूममध्ये गेलं. 'पीआयडी' ही तीन अक्षरं खरडून पुढच्या खाटेकडे वळणारे डॉक्टर मी ढिगानं पाहिलेत. राउंडला घाई असते, कळतं मला. पण त्या घाईचं बिल पेशंटच्या नावानं फाटतं.

म्हणून रेकॉर्डवाल्यांशी भांडू नका. सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "नळीचा तीव्र दाह असं निदान लिहिता येईल का?" त्यांना तसं वाटलं तर ते तारीख घालून, सही करून जादा नोंद देतील आणि कोड एन ७०.० होईल. जुन्या ओळीवर खाडाखोड करू देऊ नका, त्यानं क्लेम आणखी अडकतो. दुखणं किती दिवसांपासून होतं, तेही त्याच नोंदीत लिहून घ्या. कंपनीला कोडापेक्षा ती ओळ जास्त हवी असते. नळीत पाणी साठलेलं आहे, हे जुनंच आहे, असं डॉक्टर म्हणाले तर तो एन ७०.१, आणि मग तोच खरा. "पैसे सुटतील तो कोड द्या" असं म्हणायला मात्र जाऊ नका. बायका बिचाऱ्या भाबडेपणानं म्हणतात, पण ती फसवणूक ठरते.

भरतीच्या काळातले केसपेपरही मागून घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. आणि पॉलिसी कधीपासून आहे ते उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहा. २०२४ च्या नियमांप्रमाणे जुन्या आजारासाठी कंपनीला जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं.

प्रश्न : मावशी, मी विजयनगरच्या एका कंपनीत अमेरिकन चार्ट कोड करतो, म्हणजे तिथल्या पेशंटांच्या कागदांना आजारांचे कोड देतो. वहिनीच्या कागदावर ए १८.१ पुढे कट्यारीची खूण (†) आणि एन ७४.१ पुढे चांदणी (*) आहे. ऑफिसात आम्ही यासाठी एकटा ए १८.१७ टाकतो. इथल्या लोकांना येत नाही का? वहिनी घाबरलीय, तिला वाटतं दोन आजार झाले.
– म., इंदूर

उत्तर : येतं रे बाबा, चांगलं येतं! अमेरिकेनं २०१५ च्या ऑक्टोबरपासून दहावी आवृत्ती स्वतःच्या सोयीनं फोडून वापरायला घेतली, त्यात कट्यार-चांदणीची जोडी ठेवली नाही. आपल्याकडे मूळ पद्धत चालते. कट्यारीचा कोड मूळ आजाराचा, इथे टीबी; चांदणीचा कोड तो कुठे उमटला त्याचा. आजार एकच. चांदणी एकटी कधी येत नाही, मूळ कोड आधी लागतोच.

अमेरिकन ओपीडी चार्टवर डॉक्टरनं 'संशयित' लिहिलं असेल तर तिथे निदानाचा कोड द्यायचा नाही, लक्षणाचा द्यायचा, हे तुला पाठ असेल. भरती पेशंटला मात्र तिथेही वेगळा नियम आहे. ऑफिसातली ही सवय घरच्या कागदांना लावू नकोस.

वहिनीला सांग, औषधाला साधी दाद देणारा टीबी असेल तर साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो. फुप्फुसात टीबी नसेल तर तो खोकल्यातून घरच्यांना लागत नाही, तिची ताटवाटी वेगळी करू नका. आणि दवाखान्यानं निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर, नोंद केली का ते विचार. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही ती सक्तीची आहे. नोंद झाली की पोषणासाठीचे महिना १००० रुपये तिच्या बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते.

प्रश्न : सूनबाईंना बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी ताप आला, गर्भाशयाला सूज निघाली. कोड ओ ८५. शेजारणीला अशाच सुजेसाठी एन ७१.० मिळाला. फरक का?
– एक सासूबाई, रामबाग, इंदूर

उत्तर : शेजारीण बाळंतीण नव्हती म्हणून. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांतला असा संसर्ग गरोदरपण-बाळंतपणाच्या 'ओ' प्रकरणातच जातो, एन मध्ये नाही. क्लेम करण्याआधी पॉलिसीत मातृत्वाचं कलम आहे का ते बघून घ्या, कारण कंपनी 'ओ' बघून तेच कलम उघडेल.