डेट्रॉइट कोणी बुडवले?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावरची आहेत: अमेरिकेतील मोटार कामगारांचे संप आणि डेट्रॉइट शहर ज्याचे माहेरघर, त्या मोटार उद्योगाची उतरती कळा. काही वाचक कामगारांच्या बाजूने लिहितात, काही त्यांच्यावर चांगलेच संतापलेले आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. दोन उत्तरे लांबली आहेत, पण ते प्रश्न थोडक्यात आटोपण्यासारखे नव्हते.

प्रश्न: अमेरिकेचा मोटार उद्योग युनियनने बुडवला, असे सर्रास म्हटले जाते. २००८ च्या मंदीत तिथल्या कामगाराला तासाला ७० डॉलर मिळत होते, असे मी वाचले आहे. एवढी मजुरी देणारी कंपनी टिकणार कशी?

तासाला ७० डॉलर कोणत्याही कामगाराच्या हाती पडत नव्हते. जुन्या, कायम कामगाराची मजुरी तासाला साधारण २८ डॉलर होती. तिच्यात त्याचा आरोग्य विमा, रजा आणि इतर सवलतींचा खर्च मिळवला तरी आकडा सत्तरपर्यंत जात नाही. तो तिथवर नेण्यासाठी निवृत्त झालेल्या कामगारांचे निवृत्तिवेतन आणि औषधपाणी यांचा सगळा खर्च, आज कामावर असलेल्यांनी भरलेल्या तासांवर वाटला गेला होता. या गणितातली मेख लक्षात घ्यावी: कंपनीने निम्मे कामगार कमी केले की भागाकारातील भाजक निम्मा होतो आणि कोणालाही एक सेंट जास्त न मिळता 'ताशी खर्च' फुगतो. कारखाने बंद पडत गेले, निवृत्तांची संख्या कार्यरत कामगारांच्या कितीतरी पट झाली आणि त्या फुगलेल्या आकड्याचे खापर जुळणीच्या लाइनवर उभ्या असलेल्या माणसावर फुटले.

मात्र खर्च खोटा नव्हता. प्रश्न असा की तो कंपनीच्या अंगावर आला कसा? त्यासाठी १९४५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या जनरल मोटर्समधील संपापर्यंत मागे जावे लागते. युनायटेड ऑटो वर्कर्स या मोटार कामगारांच्या युनियनचे नेते वॉल्टर रुथर यांनी तेव्हा ३० टक्के वाढ मागितली आणि तिला अशी अट जोडली की मोटारींच्या किमती एका डॉलरनेही वाढवायच्या नाहीत. परवडत नसेल तर कंपनीने आपली हिशेबाची वह्यापुस्तके उघडून दाखवावीत. वाढीवर घासाघीस करायला कंपनी तयार होती, वह्या उघडायला मुळीच नव्हती, कारण किंमत, उत्पादन आणि गुंतवणूक हा मालकाचा अधिकार आहे, असा तिचा पवित्रा होता. ११३ दिवसांनी संप मिटला तेव्हा ताशी साडेअठरा सेंट वाढ मिळाली होती आणि वह्या बंदच राहिल्या होत्या.

पुढे १९५० मध्ये जो पाच वर्षांचा करार झाला त्याला 'डेट्रॉइटचा तह' म्हणतात. महागाईशी जोडलेला भत्ता, दरवर्षीची वाढ, आरोग्य विम्याच्या निम्म्या हप्त्याची जबाबदारी आणि सरकारी पेन्शन धरून महिना १२५ डॉलरचे निवृत्तिवेतन कंपनीने मान्य केले. बदल्यात तिला पाच वर्षांची शांतता मिळाली आणि कोणती गाडी, कुठे, किती वेगाने बनवायची हे ठरवण्याचा निर्विवाद हक्कही मिळाला. खुद्द रुथर यांना आरोग्य विमा सरकारकडून, सर्व नागरिकांसाठी हवा होता. तो मिळेना म्हणून त्यांनी तो कंपनीकडून घेतला. माझ्या मते पुढच्या साऱ्या दुखण्याचे मूळ या व्यवहारात आहे. कामगाराचे म्हातारपण आणि आजारपण एका कंपनीच्या विक्रीवर टांगले गेले आणि त्या विक्रीचे निर्णय घेणाऱ्या खोलीत कामगाराला खुर्ची नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास निम्म्या मोटारी एकट्या जनरल मोटर्सच्या असत, त्यामुळे हे ओझे जाणवत नव्हते. बाजारातील वाटा विसाबावीस टक्क्यांवर आला तेव्हा जाणवले. २००५ च्या सुमारास प्रत्येक गाडीमागे आरोग्याचाच खर्च सुमारे दीड हजार डॉलर पडत होता. जपानी कंपन्यांच्या मायदेशात आरोग्य विम्याची सार्वत्रिक व्यवस्था होती, आणि अमेरिकेतील त्यांचे कारखाने नवे असल्याने तिथे निवृत्त होण्याइतका म्हातारा कामगारच फारसा नव्हता. क्रायस्लरने ३० एप्रिल २००९ रोजी आणि जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यामागे हे एक कारण होते. दुसऱ्या कारणाकडे तिसऱ्या प्रश्नात येतो.

प्रश्न: १९३७ च्या फ्लिंटमधील 'बैठ्या संपा'चा उल्लेख वारंवार येतो. संप म्हणजे काम सोडून बाहेर पडणे. मग कारखान्यात बसून राहण्याने काय साधले? आणि पोलिसांनी त्यांना बाहेर का काढले नाही?

बाहेर पडलेल्या संपकऱ्याच्या जागी दुसरा माणूस उभा करता येतो आणि मंदीच्या त्या वर्षांत फाटकाबाहेर बेकारांची वाण नव्हती. आत बसलेल्या माणसाला मात्र यंत्रासकट हलवावे लागते, आणि लाखो डॉलरच्या यंत्रांजवळ मारामारी कोणत्याच मालकाला नको असते. शिवाय जनरल मोटर्सच्या गाड्यांचे सांगाडे ज्या साच्यांवर दाबून निघत, ते महत्त्वाचे 'डाय' मोजक्या कारखान्यांतच होते. मिशिगन राज्यातील फ्लिंट गावचा फिशर बॉडी क्रमांक १ हा त्यांपैकी एक. ३० डिसेंबर १९३६ रोजी तिथे ठिय्या पडला आणि तो ४४ दिवस चालला.

आत कामगार मोटारींच्या गाद्यांवर झोपत. साफसफाई, पहारा आणि जेवण यांची पाळीवार वाटणी होती, दारूला बंदी होती. ११ जानेवारीला फिशर क्रमांक २ मध्ये व्यवस्थापनाने कडाक्याच्या थंडीत ऊब देणारी वाफ बंद केली आणि जेवण आत जाऊ देईना. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आतून कामगारांनी आगीच्या नळांचा थंडगार मारा केला आणि मोटारीच्या दारांच्या लोखंडी बिजागऱ्या भिरकावल्या. अखेर माघार पोलिसांनाच घ्यावी लागली. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले खरे, पण ते दोन्ही बाजू दूर ठेवण्यापुरते वापरले; कामगारांना बाहेर काढण्याचा न्यायालयाचा आदेश हाती असूनही त्यांनी सैनिकांना आत घुसवले नाही. गव्हर्नर दुसरा असता तर त्या गावात प्रेते पडली असती, असे मला वाटते. १ फेब्रुवारीला कामगारांनी शेव्हरोलेच्या एका कारखान्यात मुद्दाम गलका करून पहारेकऱ्यांना तिकडे खेचले आणि इंजिने बनवणारा खरा मोक्याचा कारखाना ताब्यात घेतला. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने एका छोट्याशा करारावर सही करून युनियनला मान्यता दिली. फोर्डने मात्र १९४१ पर्यंत दाद दिली नाही. मे १९३७ मध्ये फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याबाहेरील पुलावर रुथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कंपनीच्या पोसलेल्या माणसांनी बेदम मारले, आणि त्याची छायाचित्रे देशभर छापून आली.

बैठ्या संपाला कायद्याचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९३९ मध्ये ठरवले आणि ते हत्यार बोथट झाले. पण मोक्याची जागा अडवण्याचे तत्त्व राहिलेच. १९९८ मध्ये फ्लिंटच्याच एका कारखान्यातून कंपनीने सुट्टीच्या दिवसांत गुपचूप डाय हलवले. त्यावरून भडकलेला संप ५४ दिवस चालला. नऊ हजारांच्या आसपास कामगार संपावर होते, पण सुट्या भागांचा साठा न ठेवण्याच्या नव्या पद्धतीमुळे उत्तर अमेरिकेतील कंपनीचे जवळजवळ सगळे जुळणी कारखाने ठप्प झाले. कंपनीने धडा घेतला, तो तिच्या परीने: सुटे भाग बनवणारी 'डेल्फी' ही शाखाच पुढच्या वर्षी तिने वेगळी काढली. २००५ मध्ये डेल्फीचेही दिवाळे वाजले.

प्रश्न: जपानी गाड्या चांगल्या होत्या म्हणून विकल्या गेल्या. अमेरिकी कामगार आळशी आणि युनियनमुळे माजलेला होता, हे मान्य करायला काय हरकत आहे?

हरकत आहे, कारण हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला गेला आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, दारू आणि तंट्यांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. युनियन तीच होती आणि घेतलेले कामगारही बहुतांशी तेच. थोड्याच काळात गैरहजेरी घटली आणि गाड्यांची गुणवत्ता टोयोटाच्या जपानमधील कारखान्यांच्या जवळ जाऊन पोहोचली. बदलली होती ती व्यवस्था. लाइनजवळ एक दोरी असे. काही चुकते आहे असे दिसले की कोणत्याही कामगाराने ती ओढायची आणि वेळ पडली तर लाइन थांबायची. जुन्या पद्धतीत लाइन थांबवणे हा अक्षम्य गुन्हा होता. स्क्रू वाकडा बसला तरी गाडी पुढे जाऊ द्यायची आणि नंतर आवारात उभी करून दुरुस्त करायची.

कामगार हे आधीपासून सांगत होते. ओहायोतील लॉर्ड्सटाउन येथे शेव्हरोले व्हेगा ही लहान गाडी तासाला शंभर या वेगाने बनत असे, म्हणजे एका गाडीवर एका माणसाला जेमतेम ३६ सेकंद. मार्च १९७२ मध्ये तिथल्या तरुण कामगारांनी सुमारे तीन आठवडे संप केला, तो मजुरीसाठी नव्हता. माणसे कमी करून वेग तोच ठेवल्याबद्दल होता. दुसऱ्याच वर्षी तेलाचा भडका उडाला आणि लहान गाड्यांना मागणी आली, तेव्हा देण्याजोगी गाडी म्हणून डेट्रॉइटकडे व्हेगा होती, जी गंजण्यासाठी आणि इंजिनाच्या दुखण्यांसाठी प्रसिद्ध झाली.

युनियनही धुतल्या तांदळाची नव्हती. कोणी कोणत्या यंत्राला हात लावायचा याच्या वर्गवाऱ्या इतक्या बारीक झाल्या की साध्या दुरुस्तीसाठी तीन विभागांची माणसे लागत. १९८४ च्या करारातून 'जॉब्स बँक' आली: काम संपलेल्या कामगाराला घरी न पाठवता जवळपास पूर्ण पगार द्यायचा. २००५ च्या सुमारास असे सुमारे बारा हजार लोक होते आणि त्यांतील काही जण दिवसभर शब्दकोडी सोडवत बसत. कंपन्यांच्या एकूण तोट्यात हा खर्च फार मोठा नव्हता, पण लोकांच्या मनातून युनियन उतरली ती या चित्रामुळे. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे युनियनचे दोन माजी अध्यक्ष सभासदांच्या पैशांच्या अपहारात तुरुंगात गेले.

व्यवस्थापनाला खरे आळशी बनवले ते मात्र एका विचित्र कराने. युरोपशी कोंबड्यांच्या निर्यातीवरून झालेल्या भांडणात अमेरिकेने परदेशी पिकअप ट्रकवर २५ टक्के आयात कर बसवला. कोंबड्यांचे भांडण विस्मरणात गेले, कर राहिला. त्या आडोशाने डेट्रॉइट ट्रकवर भरघोस नफा कमावत राहिले आणि लहान मोटार नीट बनवण्याची निकड त्याला कधी भासली नाही.

प्रश्न: अमेरिकेतील जपानी व जर्मन कारखान्यांत युनियन का नाही?

बहुतेक कारखाने दक्षिणेकडील राज्यांत आहेत. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना असा कायदा करण्याची मुभा दिली की नोकरीसाठी युनियनची वर्गणी सक्तीची करता येणार नाही, आणि दक्षिणेने ती मुभा उचलली. टेनेसीतील निसानच्या कारखान्यात १९८९ मध्ये आणि फोक्सवॅगनच्या कारखान्यात २०१४ व २०१९ मध्ये कामगारांनीच मतदानात युनियन नाकारली. फोक्सवॅगनमध्ये एप्रिल २०२४ मध्ये ती मोठ्या बहुमताने आली. पुढच्याच महिन्यात अलाबामातील मर्सिडीजच्या कामगारांनी ती नाकारली.

प्रश्न: २०२३ च्या संपात कामगारांना नेमके काय मिळाले? आणि त्याने बंद पडलेले कारखाने परत येणार आहेत का?

या संपाचे नाव 'स्टँड अप' असे ठेवले होते, फ्लिंटच्या बैठ्या संपाला दिलेला तो मुद्दाम प्रतिसाद. १५ सप्टेंबर २०२३ रोजी फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस (क्रायस्लर आता हिच्यात आहे) या तिन्ही कंपन्यांच्या एकेकाच जुळणी कारखान्यात काम थांबले. त्यानंतर शॉन फेन हे युनियनचे अध्यक्ष अधूनमधून एखाद्या नव्या कारखान्याचे नाव जाहीर करीत. पुढचा घाव कुठे बसेल याचा कंपन्यांना अंदाज येईना आणि संपनिधीही जपून खर्च झाला. राष्ट्राध्यक्ष जो बायडेन स्वतः संपकऱ्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले, हे पूर्वी कोणत्याही विद्यमान राष्ट्राध्यक्षाने केले नव्हते. सुमारे सहा आठवड्यांनी एप्रिल २०२८ पर्यंतचे करार झाले: मूळ मजुरीत एकंदर २५ टक्के वाढ आणि २००९ मध्ये सोडून दिलेला महागाई भत्ता परत. २००७ पासून नव्या माणसाला जुन्याच्या जवळपास निम्मी मजुरी देण्याची जी दुपदरी पद्धत होती, तीही बरीचशी मोडली. एकाच गाडीचे उजवे दार बसवणाऱ्याला २८ डॉलर आणि डावे बसवणाऱ्याला १४, हे ज्यांनी सोसले त्यांच्या लेखी हा भाग टक्केवारीपेक्षा मोठा होता.

कारखाने परत येण्याबाबत मी फार आशा दाखवणार नाही. फ्लिंटमध्ये एके काळी जनरल मोटर्सच्या सुमारे ८०,००० नोकऱ्या होत्या, आज त्यांचा दहावा हिस्साही नीट उरलेला नाही. त्या गावाचा पाणीपुरवठा २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवण्यासाठी नदीवर वळवण्यात आला. पाण्याने सुटे भाग गंजू लागले म्हणून इंजिनांच्या कारखान्याने त्याच ऑक्टोबरात वेगळे पाणी घेतले. शिसे उतरलेले तेच पाणी रहिवाशांना आणखी वर्षभर प्यावे लागले.

लॉर्ड्सटाउनचा कारखाना मार्च २०१९ मध्ये बंद झाला. त्याच्या शेजारी जनरल मोटर्सने भागीदारीत विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा कारखाना उभारला, तिथे सुरुवातीची मजुरी ताशी साडेसोळा डॉलर होती. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या कामगारांनी युनियनसाठी मतदान केले: ७१० बाजूने, १६ विरोधात. २०२३ च्या वाटाघाटींत जनरल मोटर्सने बॅटरी कारखान्यांनाही मुख्य करारात घेण्याचे मान्य केले.