'रन'चे अर्थ पाठ करू नका
'रन म्हणजे धावणे' एवढंच धरून बसलात तर 'माय नोज इज रनिंग'पाशी अडाल. तिथे नाक गळतंय. नळ वाहतो, कपड्याचा रंग जातो, दुकान चालवतात, निवडणूक लढवतात. इंग्रजीत सगळीकडे 'रन'च. घाबरू नका, आपलं 'लागणं' आठवा: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो. हे आपण यादी करून थोडंच शिकलो? म्हणून वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य उतरवा. आणि मागोमाग येणाऱ्या चिमुकल्या शब्दावर नजर ठेवा, खरी गोम तिथेच असते. 'रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपली. 'रन इंटू अ फ्रेंड' म्हणजे मित्र अचानक भेटला, धडक बसली नाही.