रस्ता सुरक्षा अभियानांमुळे अपघात खरंच कमी होतात का?

तुम्ही विचारलंय की दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं, चौकात फ्लेक्स लागतात, शाळेच्या मुलांची फेरी निघते, तरी अपघातांच्या बातम्या काही थांबत नाहीत, मग या सगळ्याचा उपयोग काय?

माझं फलटण तालुक्यात रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दुकानासमोरून किती जणांना उचलून गाडीत घातलं याचा हिशेब मी ठेवलेला नाही. फेरीने फार फरक पडतो असं मलाही वाटत नाही. घोषणा ऐकून गाडी हळू चालवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण सरकारची काही कामं अशी आहेत की त्यांनी माणसं वाचतात, आणि त्यांचा गाजावाजा होत नाही.

आमच्याकडचंच सांगतो. गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसतच नाही. उसाची वाढी, म्हणजे शेंड्याचा पाला, मागे लोंबत असतात, त्यात दिवा झाकला जातो. ताशी ६० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी काळं आहे हे कळेपर्यंत वेळ गेलेली असते. आरटीओ, पोलीस आणि कारखाने मिळून हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, लाल रेडियमचं कापड बांधतात. बघायला किरकोळ काम. पण ज्या ट्रॉलीला ते बांधलेलं असतं ती लाईट पडताच लांबून चमकते, हे मी रोज रात्री दुकानातून बघतो.

दुसरं, दगड. ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला दगड लावतात, मागेही चार दगड मांडतात. चाक बदलून ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. एका पहाटे दूध घालायला निघालेला पोरगा असल्याच दगडावर आदळला. हे कुठल्या योजनेत बसत नाही, ते आपणच उचलायचे असतात.

रस्ता सुधारला तर काय होतं याचं आपल्या राज्यातलं चांगलं उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं आहे. तिथे २०१६ साली १५१ माणसं गेली होती. मग रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाईफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी संस्था यांनी मिळून एकेक अपघात तपासायला घेतला. गाडी नेमकी कशावर आदळली, मधला दुभाजक ओलांडून समोरच्या लेनमध्ये का गेली, कडेला बंद पडलेल्या ट्रकला मागून धडक का बसली. त्याप्रमाणे कठडे बसवले, मध्ये तारांचं कुंपण घातलं, वेगावर आणि कडेला थांबणाऱ्या वाहनांवर कारवाई केली. २०१९ मध्ये मृत्यूंचा आकडा ८६ वर आला होता. हे ८६ सुद्धा जास्तच आहेत, पण चालवणारी माणसं तीच होती आणि तीन वर्षांत एवढा फरक पडला.

आता ब्लॅक स्पॉटचं. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं दगावली, तर तो टप्पा ब्लॅक स्पॉट धरतात आणि त्याच्या दुरुस्तीचं काम हाती घ्यायचं असतं. पोलीस आता जागेवरूनच मोबाईलमध्ये अपघाताची नोंद करतात, फोटो आणि नेमक्या ठिकाणासकट. इथे आपलं चुकतं. आपल्याकडे अपघात झाला की गावातली चार माणसं बसवून मिटवायची सवय आहे. मिटवलं की तो अपघात कागदावर येत नाही. मग त्या वळणावर आणखी तिघांचे हातपाय मोडले तरी सरकारी हिशेबात ते वळण चांगलंच राहतं. म्हणून कुणाला लागलं असेल तर नोंद करा, भांडण करायचं नसलं तरी करा.

आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मदत करणाऱ्याला दिलेलं संरक्षण. २००९ साली मी एका जखमी माणसाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. तिथे आधी पैसे भरा म्हणाले, मग तुम्ही यांचे कोण म्हणून विचारलं, आणि पुढे जबाबासाठी माझे चार हेलपाटे झाले. त्यानंतर दोनदा असं झालं की समोर माणूस पडलाय आणि मी जागेवरून हललो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ते दिवस आता राहिले नाहीत. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची तत्त्वं सगळ्यांना बंधनकारक केली. मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. मागच्या हंगामात मी एका बाईंना नेलं तेव्हा हवालदाराने नाव विचारलं, मी आपणहून सांगितलं, आणि अर्ध्या तासात दुकानावर परत आलो.

पैशाची अडचणही कमी झाली आहे. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे. अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. दवाखाना योजनेत नसला तरी जखमीची तब्येत स्थिर करण्यापुरते उपचार तिथेही मिळायला हवेत. काउंटरवर या योजनेचं नाव घेऊन विचारा, गप्प बसू नका. पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा, तेव्हा १०८ किंवा ११२ ला फोन आधी लावा, फोटो-व्हिडिओ नंतर.

तुमच्या गावाजवळ असं एखादं वळण असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावासह जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला अर्ज द्या. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. अर्जात अपघातांच्या तारखा आणि पोलिसांच्या नोंदींचे नंबर घाला. आमचा पहिला अर्ज नुसत्या तक्रारीचा होता, त्याचं काहीच झालं नाही. दुसऱ्याला सात नोंदी जोडल्या, तेव्हा बांधकाम खात्याचा माणूस मोजमापाला आला, आणि पावसाळ्याआधी वळणावर रम्बलर, म्हणजे गाडी हळू करायला लावणारे आडवे पट्टे, आणि बाणांच्या पाट्या लागल्या.